शिशाच्या एप्रनातली डिस्क

“डोंट टच इट! हात लावू नका! त्यात भारताचं भविष्य आहे!” बापट साहेब ओरडले.

“भविष्य को बाहर निकालो, सार,” इन्स्पेक्टर यादगिरी म्हणाले. “टेबल पे रखो. हल्लू.”

हा संवाद झाला हैदराबादच्या विमानतळावर, हातातलं सामान तपासतात त्या मशीनपाशी. सकाळची मुंबईची फ्लाइट होती. ओरडणारे बापट साहेब म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. दोघांच्या मध्ये घामाघूम उभा होतो तो मी, देशमुख, त्यांच्या कंपनीतला हार्डवेअर इंजिनियर. आणि टेबलावर होती माझी रेक्झिनची बॅग. एक्स-रे मशीनच्या पडद्यावर त्या बॅगेत माझा कंगवा दिसला, डब्यातली पोळी-भाजी दिसली, स्क्रू-ड्रायव्हर दिसला. आणि मधोमध पाटीएवढा एक काळाकुट्ट चौकोन दिसला. त्याच्या आतलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मशीनवर बसलेल्या हवालदाराने बॅग मागे घेतली, पुढे ढकलली, मशीनच्या डोक्यावर एक थापही मारून पाहिली. चौकोन काळाच राहिला. मग त्याने अशी काही शिट्टी मारली की माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या एका आजोबांची कवळी हातात आली.

आता या चौकोनाची कूळकथा सांगतो.

ते दिवस उदारीकरणाचे होते. देशाची दारं उघडली होती आणि वारा थेट लोकांच्या डोक्यात शिरला होता. हिमायतनगरात आमच्या ऑफिसच्या खाली एक बेकरी होती. तिचा मालक वर्षानुवर्षं उस्मानिया बिस्किटं विकत होता. एके दिवशी त्याने पाटी बदलून ‘ग्लोबल बेकरी’ केली. बिस्किटं तीच, भट्टी तीच, माशाही त्याच. आमचे बापट साहेब त्याला हसले आणि दुसऱ्याच आठवड्यात आपल्या कंपनीच्या नावापुढे ‘इंटरनॅशनल’ लावून आले. कंपनीचा आंतरराष्ट्रीय व्यवहार तोपर्यंत एवढाच होता, की साहेब सहा महिने अमेरिकेत राहून आले होते. ते मूळचे पुण्याचे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले, मलकपेठेतले. आमच्या घरात वकील झाले, मास्तर झाले, सरकारी कारकून झाले, पण ‘व्हिजनरी’ कुणी झाला नव्हता. तो पाहायचा योग माझ्या नशिबी होता.

आमच्याकडे एक सॉफ्टवेअर तयार झालं होतं. जहाजाने माल पाठवणाऱ्या कंपन्यांसाठी. कुठला कंटेनर, म्हणजे मालाचा डबा, कुठल्या बंदरात पडलाय, हे क्षणात सांगणारं. ते बनवलं पद्मा नावाच्या मुलीने आणि तिच्याबरोबरच्या चार-पाच पोरांनी. पद्मा शहरातल्या कोठी नावाच्या भागाजवळ राहायची. कामापुरतं बोलायची, ते बोलणंही तार केल्यासारखं. शब्दाला पैसे पडतात अशा हिशेबाने. मुंबईत एका परदेशी जहाज कंपनीचा गोरा साहेब आला होता आणि त्याला हे सॉफ्टवेअर पाहायचं होतं. त्या दिवशी दुपारी पाहणार, संध्याकाळी विमानाने मायदेशी जाणार. त्याला आवडलं तर आम्हाला काम. नाही आवडलं तर पुढच्या महिन्यात ऑफिसला कुलूप, हे बापट साहेबांनी स्वतः सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं. सांगताना त्यांच्या आवाजात दुःख कमी आणि भाषण जास्त होतं. पण कुलूप खरंच लागणार होतं.

आता हे सॉफ्टवेअर मुंबईला न्यायचं कसं? आजची पोरं म्हणतील, पाठवून द्यायचं. कशावरून पाठवणार? तेव्हा मुंबईला ट्रंक कॉल सोडून एसटीडी लागत होता, याचंच आम्हाला कौतुक. फ्लॉपीवर घ्यावं तर पोतंभर फ्लॉप्या लागल्या असत्या, आणि त्यातली एक जरी रुसली तरी सगळा संसार बुडाला. म्हणून ठरलं, की अख्खी हार्ड डिस्कच काढून न्यायची आणि मुंबईच्या मशीनमध्ये बसवायची.

हार्ड डिस्क म्हणजे काय, ते ज्यांनी उघडून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडी डबी असते, आत आरशासारख्या चकत्या. त्या भिंगरीसारख्या फिरतात. चकतीवर एक इवलंसं टोक तरंगत असतं, त्याला हेड म्हणतात. ते चकतीला टेकत नाही. हुसेनसागरावरून घारीने पाण्याला पंख न लावता जावं, तसं जातं. डबी आपटली की घार पाण्यात. सगळं लिहिलेलं खरवडून जातं. म्हणून डिस्क सामानात टाकायची नसते. तिथे बॅगा फेकतात. ती हातात न्यायची, मांडीवर घ्यायची, नवजात बाळासारखी. इतपत माझं आणि साहेबांचं एकमत होतं.

दुसरी कॉपी नव्हती का, असं तुम्ही विचारणार. मीही विचारलं होतं.

“देशमुख,” साहेब म्हणाले होते, “बॅकअप हा निगेटिव्ह थिंकिंगचा प्रकार आहे.”

बॅकअपसाठी जे यंत्र घ्यायचं होतं, त्याच्या जागी रिसेप्शनमध्ये माशांची काचपेटी आली. परदेशी पाहुण्यांना मासे पाहून शांत वाटतं म्हणे. परदेशी पाहुणा काही आला नाही. मासे मात्र आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त एसीत राहिले.

तर एकच डिस्क. आणि निघायच्या आदल्या दिवशी साहेबांनी कुठल्याशा अमेरिकन मासिकात वाचलं, की विमानतळावरच्या एक्स-रेने कॅमेऱ्यातला रोल खराब होतो.

“रोल खराब होतो, तर डिस्क होणारच!” ते म्हणाले.

“साहेब, रोलला उजेडाचं भय. डिस्कला लोहचुंबकाचं. एक्स-रेचं तिला काही होत नाही.”

“दोन्हींवर चित्रं असतात की नाही?”

“असतात, पण...”

“मग! तू हार्डवेअरवाला आहेस. हा कॉन्सेप्टचा प्रश्न आहे.”

कॉन्सेप्ट आला की मी गप्प बसतो. साहेबांचे मेहुणे डॉक्टर. कोठीत त्यांचं एक्स-रेचं क्लिनिक. एक्स-रे काढणारे लोक अंगावर जो जाड एप्रन घालतात, त्यात शिसं असतं, किरण पार जाऊ नयेत म्हणून. साहेबांनी स्कूटर पाठवून तो एप्रन मागवला. भिजलेल्या गोधडीएवढं त्याचं वजन. त्यात त्यांनी आमची डिस्क स्वतःच्या हाताने गुंडाळली. एक घडी, दुसरी घडी, वरून पुडीसारखा दोरा.

“आता जाऊ दे एक्स-रे!” ते म्हणाले. “काही दिसायचं नाही!”

तिथेच तर गोम होती. ते मशीन ठेवलंय कशासाठी? आत काय आहे ते दिसावं म्हणून. आणि ज्या वस्तूच्या आतलं काहीच दिसणार नाही अशी एकमेव वस्तू भूतलावर आम्ही तयार केली, आणि ती आपल्या पायांनी पोलिसांपुढे नेऊन ठेवली. मी एकदा म्हणालो तसं. साहेबांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने त्यांचे मासेही त्यांच्याकडे पाहत नसत.

तर आता पुन्हा त्या टेबलापाशी चला.

तेव्हा विमानतळावर तपासणी आपले साधे खाकीतले पोलीस करत. यादगिरी साहेब उंचीला बेताचे, पोट भरदार, आवाज मात्र फाटकाबाहेरच्या रिक्षावाल्याला इथूनच बोलावतील असा. त्यांचा एक नियम होता. बॅगेत विजेवर चालणारी वस्तू सापडली, की ती चालू करून दाखवायची. ट्रान्झिस्टर असेल तर गाणं वाजलं पाहिजे, कॅमेरा असेल तर दिवा चमकला पाहिजे. आमच्या पुढे एक मारवाडी शेटजी होते, त्यांच्याकडे दाढीचं मशीन निघालं. यादगिरींनी त्यांना अर्धा गाल करायला लावला. उरलेला अर्धा करू द्यायला वेळ नव्हता. शेटजी पुढे मुंबईला गेले ते तसेच.

मी दोरा सोडला, एप्रन उलगडला. आतून निघाली डिस्क. काळी, चौकोनी, खाली हिरवी पट्टी, मागे टोचऱ्या पिना.

“ये क्या है?”

“हार्ड डिस्क आहे... हार्ड डिस्क है साहब. कंप्यूटर का सामान.”

“हौ? तो ये कंबल कायकू लपेटे?”

मी बापट साहेबांकडे पाहिलं. रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं. साहेबांचा चेहरा मघाशी लाल होता, तो आता चुन्यासारखा झाला होता.

“एक्स-रे से बचाने के लिए,” मी म्हणालो. खरं बोललो आणि फसलो. एक्स-रेपासून वाचवायला आणलेली वस्तू, हे पोलिसाला सांगायचं म्हणजे चोराने पाकीट परत देताना ‘तुमच्याच खिशातलं’ म्हणण्यासारखं.

यादगिरींनी एप्रन उचलून पाहिला. दोन्ही हातांनी उचलावा लागला. “अय्यो,” ते म्हणाले. मग आवाज एकदम खाली आला, तो मघाच्या ओरडण्यापेक्षा भयंकर होता. “बॅग किसका है?”

“इनका,” बापट साहेब चटकन म्हणाले. बोट माझ्याकडे.

“तुम इनके साथ हो ना, सार? अब्बी चिल्ला रहे थे, भविष्य बोलके.”

“आय ॲम ओन्ली अ पॅसेंजर,” साहेब म्हणाले. “मैं इनको जानता नहीं. लाइन में आगे था, बस.”

आणि त्यांनी आपली ब्रीफकेस उचलली, टाय नीट केला आणि विमानाच्या बसकडे निघून गेले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पुढे त्यांनी मला समजावलं, की दोघांपैकी एकाने तरी मुंबईला पोचायला हवं होतं. पोचून काय करणार होते, कुणास ठाऊक. वरात निघाली होती मुंबईला, आणि नवरदेव बसला होता पोलिसांच्या टेबलावर.

“बकेट लाओ,” यादगिरी हवालदाराला म्हणाले.

“बकेट कशाला?” माझ्या तोंडून मराठीच निघालं.

“शक आया तो पानी में. रूल नै है. अकल है.”

बादली आली. काठोकाठ भरलेली, बॉम्ब असला तर विझावा म्हणून. त्या बादलीत मला पद्माचं सगळं काम दिसलं, आमच्या ऑफिसचं कुलूप दिसलं. हवालदाराने डिस्क दोन बोटांत धरली, मेलेला उंदीर धरावा तशी.

“साहब, एक मिनट!” मी ओरडलो. असा ओरडलो की बाहेर टॅक्सीवाल्यांनी इंजिनं चालू केली म्हणतात. “तुम्ही सगळ्यांना वस्तू चालू करून दाखवायला सांगता. मला का नाही सांगत? मेरेकू बी चान्स दो!”

यादगिरी थांबले. त्यांच्याच नियमाची गोष्ट निघाली होती. “चालू कर के दिखाओ फिर.”

“याला कॉम्प्युटर लागतो.”

“तो लाओ.”

कॉम्प्युटर कुठून आणू? तेवढ्यात विमान कंपनीचे ड्यूटी मॅनेजर राव धावत आले. हडकुळे, कपाळावर गंध, हातात वॉकीटॉकी. “सर, फ्लाइट लेट हो रही है!”

“जब तक फैसला नै, जहाज नै,” यादगिरी म्हणाले.

मी रावांच्या मागे पाहिलं. त्यांच्या काउंटरवर एक कॉम्प्युटर होता. त्यावर क्रोशाने विणलेलं झाकण, झाकणावर प्लास्टिकचं गुलाबाचं फूल, आणि पुढच्या बाजूला आयुधपूजेचा कुंकवाचा टिळा. रावांनी माझी नजर पाहिली आणि दोन्ही हात पसरून आईसारखे त्याच्यापुढे उभे राहिले.

“नो! हेड ऑफिसची परमिशन लागेल!”

“एमंडी राव गारू,” यादगिरींनी तेलुगूत ‘अहो रावजी’ केलं, “तो बोलो, दिन भर जहाज इधरिच खड़ा रहता.”

राव बाजूला झाले. फूल मात्र त्यांनी स्वतः उचललं.

मग मी तो कॉम्प्युटर उघडला. उघडला म्हणजे कसा, ऐका. माझा स्क्रू-ड्रायव्हर हवालदाराने हत्यार म्हणून जप्त केला होता. एकेका स्क्रूला मी हात पुढे करायचा, त्याने स्क्रू-ड्रायव्हर द्यायचा, मी स्क्रू काढायचा, त्याने परत घ्यायचा. ऑपरेशनच्या टेबलावर नर्स देते तसं. भोवती अख्खी रांग जमलेली. अर्ध्या गालाचे शेटजी माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. बादली माझ्या डाव्या पायाशी, पाणी हिंदकळतंय.

झाकण निघालं, तशी आतून धुळीची वावटळ उठली. रावांना एवढ्या शिंका आल्या की मुंबईच्या फ्लाइटला उशीर असल्याची त्यांची घोषणा तिघांनी वाटून पुरी केली. मी वायर जोडली, आमची डिस्क रावांच्या डिस्कशेजारी बसवली, बटण दाबलं.

काही नाही. काळा पडदा. कोपऱ्यात एक रेघ उघडझाप करतेय.

“बकेट,” यादगिरी म्हणाले.

“थांबा! दोन मालक झालेत!”

हेही सांगायला हवं. एका वायरवर दोन डिस्क जोडल्या, तर त्यांतली एक मालक आणि दुसरी नोकर, असं आधी ठरवून द्यावं लागतं. मागच्या पिनांवर तांदळाएवढं एक टोपण असतं, ते इकडचं तिकडे केलं की ठरतं. दोघीही मालक राहिल्या, तर दोघी हुकूम सोडतात, काम कुणीच करत नाही. आमच्या ऑफिसात दोघे मालक नव्हते हे आमचं नशीब. एकातच भागत होतं.

मी रावांच्या डिस्कचं टोपण नखाने ओढून तिला नोकर केलं. रावांना ते लागलं. पुन्हा बटण. डिस्क फिरायला लागली. तो आवाज तुम्ही ऐकला नसेल. आधी घरघर, मग बारीक शीळ, मग टक टक टक. तानसेनाने दीप लावले म्हणतात, पण त्याला ती शीळ जमली नसती.

आणि पडद्यावर सॉफ्टवेअर सुरू झालं.

सॉफ्टवेअर सुरू होताना आधी काय यायचं? जहाज नाही. बंदर नाही. आधी यायचा बापट साहेबांचा फोटो. त्यांचा तसा हुकूमच होता. तेव्हाच्या मशीनवर रंगीत फोटो एकदम उमटत नसे. वरून खाली, एकेक ओळ, पडदा सोडल्यासारखा उतरायचा. आधी आले केस. मग कपाळ, भरपूर. मग चष्मा. मग मिशी. गर्दी श्वास रोखून पाहत होती. मग टाय आला, सकाळी नीट केला होता तोच.

यादगिरी पडद्याजवळ गेले. पुन्हा लांब आले. डोक्यावरची टोपी मागे सारली.

“अरे! ये तो लाइन में आगे था!”

खाली ओळ उतरली: चेअरमन अँड व्हिजनरी.

“अय्यो, मालिक है!” हवालदार म्हणाला आणि त्याने बादली खाली ठेवली. शेटजी उरलेल्या दाढीसकट हसले.

यादगिरी स्वतः गेले विमानात. परत आले तेव्हा त्यांच्यापुढे बापट साहेब होते. पोटाचा पट्टा सोडायचा राहिला असावा, अशी त्यांची चाल होती.

“आय ॲम ओन्ली अ पॅसेंजर...”

यादगिरींनी बोटाने पडदा दाखवला. साहेबांनी स्वतःकडे पाहिलं. पडद्यावरचे साहेब हसत होते.

“सम रिझेम्ब्लन्स इज देअर,” ते म्हणाले.

एवढं होईपर्यंत रावांचा धीर सुटला होता. त्यांनी विमान सोडून दिलं. शेटजी गेले, कवळीवाले आजोबा गेले, आमच्या दोन जागा रिकाम्या गेल्या. मी डिस्क काढली, टोपण पूर्ववत केलं, रावांची डिस्क पुन्हा मालक झाली. त्यांनी फूल जागेवर ठेवलं आणि मला न मागता पुढच्या फ्लाइटमध्ये बसवायचं कबूल केलं. मी जितका लवकर हैदराबाद सोडीन, तितकं त्यांना हवं होतं.

“डिस्क क्लियर,” यादगिरी म्हणाले. “कंबल किसका?”

“माझ्या मेहुण्याचा,” बापट साहेब म्हणाले. “ही इज अ डॉक्टर.”

“बुलाओ. आके पहचानेगा, तब छोड़ेंगे.”

“पण मला मुंबईला जायचंय! माझी मीटिंग आहे!”

“माल जाएगा,” यादगिरी म्हणाले. “मालिक बैठेगा.”

साहेबांना लाकडी बाकावर बसवलं. मी निघालो तेव्हा ते बाकावरून ओरडत होते, “देशमुख! तिथे काही बोलू नकोस! मी येईपर्यंत त्याला थांबवून धर!” गोऱ्या साहेबाला थांबवून धरायचं म्हणजे काय, त्याच्या विमानाच्या चाकाला मिठी मारायची? मी हात हलवला आणि निघालो.

जाण्याआधी एसटीडी बूथवरून पद्माला ऑफिसात फोन लावला. म्हटलं झालं ते असं झालं, आता तिकडे तो फोटो आला आणि त्यांनी विचारलं की हे गृहस्थ कुठे आहेत, तर काय सांगू? बाकावर?

“फोटो की फाइल का नाम बदल दीजिए, देशमुख गारू,” ती म्हणाली. “नै मिली तो प्रोग्राम आगे चला जाता.”

“अशी सोय आधीच केली होतीस?”

“टेस्टिंग हम लोग वैसाच करते.”

म्हणजे साहेबांच्या केबिनच्या बाहेर, साहेबांच्याच ऑफिसात, साहेबांचं तोंड न पाहता काम करायची सोय पोरांनी केव्हाच करून ठेवली होती. मला एकट्यालाच ठाऊक नव्हतं. हार्डवेअरवाल्याला कोण सांगतो!

मुंबईत पोचलो तेव्हा गोरा साहेब घड्याळ पाहत होता. बरोबर त्याचे आपल्याकडचे तीन-चार अधिकारी, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ‘हैदराबादहून काय येणार’. मी काहीच बोललो नाही, साहेबांचा हुकूमच होता. डिस्क बसवली, त्या फाइलचं नाव बदललं, सुरू केलं. फोटो उतरायला जो वेळ जायचा, तो वाचला. बटण दाबलं की जहाजं हजर. डबा शोधला की डबा हजर. गोऱ्या साहेबाने स्वतः खुर्ची ओढली आणि सिंगापूर, दुबई, रॉटरडॅम असे डबे हुडकत बसला, लहान मुलाच्या हातात नवी गाडी द्यावी तसा. त्याला विमानतळावर न्यायला आलेला ड्रायव्हर दोनदा दार वाजवून गेला.

“इट इज व्हेरी फास्ट,” तो म्हणाला. “हाऊ?”

“वुई रिमूव्हड समथिंग हेवी,” मी म्हणालो.

काम मिळालं. तोंडी होकार तिथेच, कागद मागाहून आला. ऑफिसला कुलूप लागलं नाही.

इकडे बाकावर काय झालं, ते मला पुढे रावांनी सांगितलं. मेहुणे डॉक्टर ओपीडी संपवून, जेवून, जरा पडून मग आले. बापट साहेब उठून उभे राहिले. “तूच सांग यांना! एक्स-रेने डिस्क खराब होते की नाही?”

“मला काय माहीत?” डॉक्टर म्हणाले. “मी हाडं बघतो.”

त्यांनी एप्रन ओळखला, खांद्यावर टाकला आणि निघून गेले. डॉक्टरांचं साहेबांना ओळखायचं राहिलं, म्हणून यादगिरींनी त्यांना आणखी थोडा वेळ बसवलं असं राव म्हणतात. मला तेवढं पटत नाही, पण रावांना पटतं.

आमच्या धंद्यात या सगळ्यातून शिकण्यासारखं फार नाही. डिस्क न्यायची तर चंदेरी प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, भोवती फोम, हातात धरायची. विचारलं तर काय आहे ते सरळ सांगायचं. पोलिसाला जे दिसतं त्याची तो काळजी करत नाही. जे झाकलंय त्याची करतो. त्यानंतर मी कितीतरी डिस्क घेऊन दिल्ली, मद्रास, कलकत्ता फिरलो. एक्स-रेने एकीलाही खोकलासुद्धा झाला नाही.

पुढच्या सोमवारी बापट साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. ग्लोबल बेकरीतून बिस्किटं आणि चहा मागवला. काचपेटीसमोर उभे राहून त्यांनी गोष्ट सांगितली. तिच्यात ते लाइनमध्ये पुढे नव्हते. तिच्यात त्यांनी विमानतळावर परिस्थिती ओळखून स्वतःला पुढे केलं होतं, अख्खं पोलीस खातं आपल्या अंगावर घेतलं होतं, आणि त्या गडबडीत मला डिस्क घेऊन पुढे पाठवलं होतं. सांगता सांगता त्यांनी चष्मा काढून पुसला. पोरं बिस्किट चहात बुडवून ऐकत होती. कुणी हसलं नाही. पगार त्यांच्याच हातून व्हायचा होता.

“लीडरशिप म्हणतात ती हीच,” साहेब म्हणाले आणि पहिल्या रांगेत बसलेल्या पद्माकडे वळले. “पद्मा, यू टेल देम. उस दिन मैं एअरपोर्ट पे नहीं होता, तो क्या होता?”

पद्माने कप खाली ठेवला.

“देशमुख गारू पहली फ्लाइट से चले जाते थे, सर.”